शेवंताच्या अर्ध्या गोष्टी

दिवाळीनंतर शेताच्या वाटेनं चालत आलं की धोतराला कुसळं चिकटतात. चालताना कळत नाही. घरी येऊन टेकलं की टोचायला लागतात आणि मग माणूस एकेक उपटत बसतो. शाळेतले किस्से माझ्याकडे असेच जमत गेले. जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प राहिलो, आणि घरी आल्यावर एकेक टोचायला लागला.

नांदुऱ्याला बाजाराच्या दिवशी आम्ही चार-पाच पेन्शनर स्टेशनच्या बाकावर जमतो. तिथे हे सगळं सांगून झालं आहे. मित्र पोट धरून हसले. "प्रोफेसर, लिहून काढा!" म्हणाले. मी हसवायला सांगत नव्हतो. मी चिडून सांगत होतो! पण माझ्या चिडण्याला लोक हसतात, हेही आता अंगवळणी पडलं आहे.

तर, नागपूरला जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून मी रिटायर झालो आणि गावी आलो. आपलं मराठी राज्य नवं नवं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी शिक्षण. मलाही वाटलं, आपण काहीतरी करावं. गावच्या चार वर्गांच्या शाळेत दर शनिवारी सकाळी तासभर पोरांना पुस्तक वाचून दाखवायचं, एवढंच ठरवलं. गावाचं नाव सांगत नाही. मला तिथेच राहायचं आहे!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शाळेत शेवंता नावाची मुलगी होती, चौथीतली. बापाचा वांग्या-मिरच्यांचा मळा. चौथीच्या पुढे गावात शाळा नव्हती, आणि शेजारच्या गावी मुलीला कोणी पाठवत नव्हतं. म्हणजे तिच्या हातात परीक्षेपर्यंतचे शनिवार तेवढे उरले होते. तिला एक गोष्ट, एकच, शेवटपर्यंत ऐकायची होती. बाकी काही मागणं नव्हतं तिचं. आणि तेवढं आम्हा शिकलेल्या माणसांना जमत नव्हतं!

*

शाळेचे हेडमास्तर वानखडे गुरुजी. माणूस वाईट नाही. हे मी रागात असलो तरी म्हणतो.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "गुरुजी, शाळेत गोष्टींची पुस्तकं आहेत का?"

"हायेत न! वरून पेटी आली होती."

गुरुजींनी करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. आत पुस्तकं एकमेकांना चिकटून उभी. काहींची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती.

"कधी आली ही?"

"चार वर्षं झाले. पण पाहा तुम्ही, एकाचा कोपरा दुमडेल नाही. एका पोराचा हात लागू देला नाही मी!"

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की मी "वा!" म्हणून गेलो. खरंच म्हणालो! मग मी एक पुस्तक घ्यायला हात पुढे केला, तर गुरुजी हळूच म्हणाले, "सर, डोयानं पाहा न."

दुसऱ्या शनिवारपासून मी माझ्या ट्रंकेतली पुस्तकं नेऊ लागलो.

*

पहिल्या तासाची तयारी मी तीन दिवस केली. कॉलेजची सवय! गोष्ट म्हणजे काय, माणसाला ती का लागते, ऐकणाऱ्याची जबाबदारी काय, असं सगळं टिपण काढलं. समोर पहिली ते चौथी मिळून साठेक लेकरं, भुईवर मांडी घालून. मी बोलू लागलो. दहा मिनिटं झाली असतील.

पहिलीतल्या बाळूनं बोट वर केलं. "बाबाजी, गोष्ट कवा सुरू होईन?"

मी समजावलं, "बाळा, ही प्रस्तावना आहे. गोष्टीच्या आधी लागते."

"मंग ते तुम्ही घरूनच करून येत जा न!"

आयुष्यभर बी.ए.च्या वर्गांना मी प्रस्तावना दिल्या. कोणी एकानं हे आधी सांगितलं असतं, तर कितीतरी मुलं जागी राहिली असती.

*

एकदा अस्वलाची गोष्ट घेतली. बर्फाच्या मुलखातलं अस्वल थंडीत गुहेत शिरतं आणि झोपून जातं. मी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठीत सांगत होतो. बर्फ कोणी पाहिलेलं नाही, म्हणून म्हटलं, "पांढरं शुभ्र, जिकडे तिकडे, ढीगच्या ढीग. जिनिंगमध्ये कापूस असतो ना, तसं."

पुढच्या रांगेत शेवंता होती. ती लगेच म्हणाली, "बाबाजी, कापसाच्या ढिगावर झोपलं त आंग खाजवते. त्याले झोप कशी लागन?"

"त्याच्या अंगावर दाट केस असतात."

"म्हंजे आखीन गरम होईन!"

मी पुस्तकात उत्तर शोधलं. नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो, आणि मान खाली घालून पुढे वाचू लागलो. हे मान खाली घालणं लक्षात घ्या. माझा चष्मा जाड आहे. वाचायला बसलो की पुस्तक नाकाशी असतं, आणि जगात काय चाललं आहे ते मला दिसत नाही. तत्त्वज्ञानाचा माणूस!

*

सात-आठ शनिवार असे गेले. मला वाटत होतं, आपण मोठं काम करत आहोत. अस्वलाच्याच दिवशी गोष्ट संपवून बाहेर आलो तर शेवंता ओसरीच्या टोकाला हात धूत होती. कोपरापर्यंत शेण.

मी सहज विचारलं, "काय शेवंता, कशी वाटली अस्वलाची गोष्ट?"

"चांगली हाय. उठलं का ते?"

"कोण?"

"अस्वल. आमच्याकडलं त अजून झोपेलच हाय."

मला काही कळेना. ती बोटांवर मोजू लागली, "राजाची पोरगी झाडावरच बसेल हाय. म्हतारीचं गठुडं नदीत पडलं, ते काहाडलं का नाही मालूम नाही. दोघं भाऊ भांडून गेले ते गेलेच. आन् अस्वल झोपेल हाय. सगळे अटकले बाबाजी, एक बी घरी नाही पोचला!"

मग कळलं. अर्धा तास झाला की घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर एक ठोका पडतो. तो मी दर वेळी ऐकला होता! त्या ठोक्याला शाळेतल्या सगळ्या मुली, अकरा जणी, गुपचूप उठून जात. शनिवारी ओसरी आणि धाकटी खोली शेणानं सारवायची असे. मुलं शेवट ऐकत, मुली शेण कालवत. आणि सात-आठ शनिवार माझ्या नाकासमोरून अकरा मुली उठून गेल्या, आणि मला पत्ता नाही!

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. राग कोणावर काढायचा हेच ठरेना. पहिला हक्क माझाच होता.

*

सोमवारी तावातावानं गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, गोष्टीच्या तासाला मुलींना सारवायला पाठवता?"

"शनिवार म्हंजे सारवण, सर. टाइमटेबलात हाय." त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. खरंच होतं. शनिवार, दुसरा तास. मुली: हस्तव्यवसाय. त्याच्यापुढे 'मुले' असं लिहून जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेत मी गेलो होतो!

"अहो, पण मुलं सारवू शकत नाहीत का? निदान आळीपाळीनं?"

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला उन्हाचा त्रास झाला असावा. "पोरं सारवतीन? सर, त्यायचे बाप मले सारवतीन!"

"मग तास बदला."

"तास बदलला त भुई कवा वाळन? सोमवारी वल्ल्यात बसतीन का पोरं? हे पाहा, मले भुई सारवेल दिसली पायजे. कोन सारवते, ते मले पुसू नका."

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "विचार करतो."

*

मग मी शेवंताच्या घरी गेलो. म्हटलं, पालकांनी तक्रार केली तर गुरुजींना ऐकावं लागेल. बाप मळ्यात मोट हाकत होता. आई मिरच्या निवडत होती. तिनं पदर सावरला आणि मला बाज ओढून दिली.

मी अर्धा तास बोललो. मुलीचा हक्क, शाळेचा उद्देश, शेणाचा आणि शिक्षणाचा काही संबंध नाही, सगळं. ती मिरच्यांची देठं तोडत ऐकत राहिली.

शेवटी म्हणाली, "दादाजी, तुम्ही म्हनता ते बराबर असन. पन मले त शायेत सारवालेही नाही धाडलं कोनं."

मी उठलो. चहा न घेताच उठलो, असं घरी आल्यावर आठवलं. तिनं ठेवला होता.

*

मग डिप्टी साहेबांना, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांना, पत्र लिहायचं ठरवलं. चार वेळा लिहिलं. पहिलं फार कडक झालं. दुसरं फार मऊ. तिसऱ्यात शिक्षणाच्या हेतूवर सहा पानं झाली. चौथं पाठवलं, ते तीन ओळींचं, आणि त्यात सारवणाचा उल्लेखच नव्हता! 'शनिवारी वाचनाच्या तासाला एकदा भेट द्यावी,' एवढंच. म्हटलं, साहेब स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. भित्रेपणाला मी नेहमी असं चांगलं नाव देतो.

साहेब आले. जीपमधून, चांगले तरुण, शिक्षकीची बी.टी. पदवी घेतलेले. नेमके ठोका पडल्यावर आले. आत मी आणि मुलं. बाहेर ओसरी ओली, लखलखीत, बोटांच्या कोयऱ्या एकसारख्या उमटलेल्या. अकरा मुली हात पाठीमागे लपवून भिंतीशी उभ्या.

साहेबांनी बूट काढले. "वा! अशी स्वच्छ शाळा मी या भागात पाहिली नाही!"

मी उभा राहिलो. "साहेब, मुली..." एवढं म्हणालो.

"हो, हो, मुलींचं कौतुक आहे!" म्हणाले.

गुरुजींनी शेरेबुक पुढे केलं. साहेब लिहून गेले. जीपची धूळ खाली बसल्यावर मी ते वाचलं. एक: शाळेची स्वच्छता उत्तम. दोन: वाचनाच्या तासाचा उपक्रम स्तुत्य. तीन: तासाला मुलींची उपस्थिती नाही. मुलींमध्ये गोष्टींची आवड निर्माण करण्याचा प्रयत्न व्हावा!

मी ते पान फाडणार होतो. गुरुजींनी माझा हात धरला. "सर, आवड त निर्मान करा म्हनून लिवलं न त्यायनं. बरंच हाय की!"

*

यानंतर मी जो शहाणपणा केला, तो सांगायला लाज वाटते. म्हणून लवकर सांगतो.

मुलींना पहिलाच अर्धा तास मिळतो ना? मग शेवट आधी वाचायचा! मुलींना शेवट मिळेल, मुलांना सुरुवात नंतर मिळेल, कोणाचं नुकसान नाही. मला हा तोडगा इतका आवडला, की मी घरात फेऱ्या मारल्या.

शनिवारी सुरुवात केली, "आणि मग त्यानं पेटी उघडली, आतून त्याची हरवलेली बहीण बाहेर आली, आणि सगळे सुखानं राहिले."

साठ लेकरं एकमेकांकडे पाहू लागली.

बाळू म्हणाला, "सरली?"

"संपली नाही. आता मागचं सांगतो."

"पन कोनाची बहीन? कोन्या पेटीत?"

चौथीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "चाल बे, बाबाजीले काही झालं." ठोका पडला. मुली उठल्या. शेवंता दाराशी थांबली. तिला मी विजयी मुद्रेनं विचारलं, "काय, आज तरी शेवट मिळाला ना?"

तिनं मान हलवली. रागावलेली होती. प्रथमच.

"शेवट घेऊन काय करू बाबाजी? मले गोष्ट पायजे."

*

परीक्षेला पंधरा दिवस राहिले. दोन शनिवार. मी घरात खेकसत होतो. गुरुजींवर, साहेबांवर, टाइमटेबलावर. आमच्या घरी जेवायला बसलो तेव्हाही तेच.

"साठ माणसांच्या शाळेत सारवायला दुसरं कोणी सापडू नये? असं काय अवघड काम आहे ते?"

बायको पोळी वाढत होती. खामगावची आहे, फार बोलत नाही. म्हणाली, "तुम्ही आता बसलेत कशावर?"

"पाटावर."

"पाटाखाली काय हाय?"

मी खाली पाहिलं. स्वयंपाकघराची भुई सारवलेली होती. ताजी. नागपूरच्या बिऱ्हाडात फरशी होती, ती डोक्यात राहिलेली. गावी येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती!

"हे कोण करतं?"

बायकोनं ताटात आणखी एक पोळी टाकली, जोरात.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मला शिकव." तिला आधी खरं वाटेना. मग तिनं शिकवलं. हात मनगटातून फिरवायचा, कोपरातून नाही. आपण मागे मागे सरकत जायचं, नाहीतर माणूस कोपऱ्यात अडकतो. मी दोनदा अडकलो. "डॉक्टरेट कशात झाली होती तुमची?" एवढंच तिनं विचारलं.

*

परीक्षेच्या आधीचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी उंटाची गोष्ट होती. ठोका पडायच्या आधीच मी पुस्तक शेवंताच्या हातात दिलं.

"आज तू वाच."

"म्या? मले जोडाक्षरं नाही येत!"

"अडलीस तर ओलांडून पुढे जा. सगळ्या मुली आतच बसतील. तू उंबरठ्यावर बस, म्हणजे मला बाहेर ऐकू येईल."

"तुम्ही बाहीर कायले?"

मी धोतर खोचलं आणि ओसरीत शेणाच्या घमेल्यापाशी गुडघे टेकले. आत एकच कल्लोळ झाला. "बाप्पा! बाबाजी सारवून राह्यले!" साठ डोकी दारात. गुरुजी धावत आले. इकडे तिकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाले, "सर, उठा! लोक पाह्यतीन! तुम्ही एवढे शिकेल, लोक मले काय म्हनतीन?"

"भुई सारवलेली दिसली पाहिजे, एवढंच ना गुरुजी? कोण सारवतं ते विचारू नका."

 गुरुजींनी वाकून माझ्या कामाकडे पाहिलं.

"शेन लय पातय झालं," म्हणाले. "माती टाका थोडी." आणि आत जाऊन पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसले.

शेवंता वाचू लागली. ओळीखाली बोट, एकेक शब्द, जोडाक्षराशी उडी. एक चोर एका गरीब माणसाचा उंट पळवतो. रोज मारतो, उपाशी ठेवतो. एके दिवशी शिपाई चोराच्या मागे लागतात. चोर पळत पळत नदीवर येतो. नदीला पूर. चोराला पोहता येत नाही. तो उंटाचे पाय धरतो, "बाबा, मला पलीकडे ने." शिपाई जवळ येतात. उंट मान वळवून चोराकडे पाहतो...

 माझी अर्धी ओसरी झाली होती. मी हात थांबवला.

शेवंतानं पान उलटलं. शेवटचं पान होतं. ती वाचेना. बोट सरकत होतं, ओठ हलत होते, पण आवाज नाही. बोट खालपर्यंत गेलं. मग ती हसली. एकटीच. गोष्ट मला पाठ होती, पण तिचं हसणं पाहून मला शंका आली, की शेवट आपल्याला नीट माहीत आहे का.

तिनं पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं.

"शेवंते, वाच न व!" मुलं ओरडली. "बुडवलं का त्याले?"

"नेलं का पल्याड?"

"सांग न! काय केलं उंटानं?"

शेवंतानं एकदा त्या सगळ्या मुलांकडे पाहिलं, एकदा माझ्या राहिलेल्या अर्ध्या ओसरीकडे.

"घमेलं तिकडं हाय," ती म्हणाली.